आहेर

रविवारी सकाळी दहाला
दांडियाबाजारातल्या मंडळाच्या हॉलची किल्ली
कुमुदिनी फणसे कमरेची काढून देतात.
भाडं विचारलं तेव्हा म्हणाल्या,
जाताना पंखा बंद करा, तेवढं पुरे.

माळ्यावर मखराचे थर्माकोलचे खांब,
खिडकीत भजनी मंडळाचे टाळ, फडक्यात बांधलेले,
फळ्यावर कालच्या बालवर्गाची
अर्धवट पुसलेली छत्री.
तिच्याच खाली ओबेद पेझारकर
उजवीकडून सुरुवात करतो.

सव्वीस वर्षांचा पोरगा,
अहमदाबादहून पहिल्या गाडीनं येतो.
समोर आम्ही.
शिलोमभावजी, चाळीस वर्षं मालगाडीचे गार्ड,
हजेरीला अजून हात झेंड्यासारखा वर करतात.
एलिशेबामावशी, एक्याऐंशी, भिंग घेऊन;
सिनेगॉगला अजून जुन्या सवयीनं मशीद म्हणतात.
आणि मी, बत्तीस वर्षं
डॉक्टरांची अक्षरं लावलेली नर्स.
मला कसलं अक्षर अडणार, असं वाटलं होतं.

बडोद्यात आमचे दहा पुरुष
प्रार्थनेला शेवटचे कधी जमले,
यावर दर वेळी भांडण होतं.
प्रार्थना उरली ती पपांच्या वहीत,
रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पुठ्ठ्यात शिवलेल्या,
जांभळी शाई, बाळबोध वळण:
शेमा इस्राएल.
अठ्ठावन्न वर्षं मी ती देवनागरीत म्हटली.
देवाला चालली असावी.
त्यानं कधी परत पाठवली नाही.

मागच्या गल्लीतले कादरीसाहेब,
शाळेत फारसी शिकवायचे.
त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.
दुसऱ्याच रविवारी दारात उभे राहून म्हणाले,
हे अक्षर घशातून येऊ द्या, बाई,
गरम चहाचा घोट चुकतो ना, तिथून.
चौघांना एकदम ठसका लागला.
तेव्हापासून त्यांची खुर्ची ठरलेली.

फणसेबाई मागे बसून वाल सोलतात,
लक्ष नाही असं दाखवतात,
आणि परवा एलिशेबामावशी मध्येच अडकल्या
तेव्हा वालाच्या ताटावरून मान न उचलता
उरलेली सगळी अक्षरं म्हणून मोकळ्या झाल्या.

त्या दिवशी ओबेदनं एक शब्द लिहिला,
खाली टिंबं नाहीत, नुसती तीन अक्षरं.
वाचा, सिपोराबाई.
मी वाचलं: आहेर.

आहेर! शिलोमभावजी हसता हसता बाकावरून घसरले.
कुणाचं लग्न आहे?
फणसेबाईंचे वाल सांडले.
ओबेद मात्र हसला नाही.
खडू घेऊन त्यानं शेवटच्या अक्षराच्या पाठीला
एक कोपरा काढला,
नखाएवढा.
म्हणाला, हा असला की ‘एक’,
तो एक, ज्याचं नाव तुम्ही रोज घेता.
नसला, गोल झाला, की ‘दुसरा’.

कादरीसाहेबांनी चष्मा पुसला.
‘एक’ आमच्याकडेही जवळजवळ हाच, म्हणाले,
आणि पुढे काही बोलले नाहीत.

मी बराच वेळ त्या कोपऱ्याकडे पाहत राहिले.
एवढंसं ते.
दुसऱ्याची खोली, दुसऱ्याचा फळा,
दुसऱ्याचा घसा उसना घेऊन
अठ्ठावन्नाव्या वर्षी मला एक वाचता येतंय,
आणि तेही आधी चुकून.

फळा पुसू नका, फणसेबाई म्हणाल्या,
पोरांना दाखवते उद्या.

गेल्या आठवड्यात त्यांच्या नातवाच्या मुंजीची पत्रिका आली.
खाली छापलं होतं:
कृपया आहेर आणू नये.
मी फोनवरच शिलोमभावजींना वाचून दाखवलं,
मग दोघंही किती वेळ हसत होतो.

पाकिटात काही ठेवलं नाही.
पाकिटावर फक्त नाव लिहिलं,
उजवीकडून, कुमुदिनी,
त्यातल्या द चा कोपरा दोनदा गिरवून.
वाचतील त्या.
त्यांना आमच्याआधी येतं.