नव्वद ग्रॅम

हरभट रोडवर, बोरगाव्यांच्या दुकानात
रेझर मागितला तेव्हा चारचं ऊन
काउंटरच्या काचेवर आडवं पडलं होतं.
पितळी दाखव, म्हटलं. दोन्हीकडून धार लागणारा, जुन्या पद्धतीचा.
"तुम्हाला?"
नाही. घरी. मंडळींना.
पोरगं हसलं नाही, एवढं त्याचं चांगलं.
फळीवरून गुलाबी प्लास्टिकचा एक काढला,
"लेडीज हेच नेत्यात की ओ.
तीनदा वापरायचा, टाकायचा."

टाकायचा.
बत्तीस वर्षं मी मार्केट यार्डात हळद तोलतोय.
पोत्याला हात लावून ओल सांगतो,
वासावरून राजापुरी की सेलम.
असल्या तळहातावर ते गुलाबी पडलं
तर पडल्याचं कळलंसुद्धा नाही.

गोष्ट अशी, की
माझं पातं दोन दिवसांत बोथट व्हायचं.
वर्षानुवर्षं.
मी कंपनीला शिव्या दिल्या, कृष्णेच्या पाण्याला दिल्या,
एकदा तर अख्खं पाकीट परत करायला गेलो
आणि भांडून आलो.
मग मागल्या पौषात, पहाटे, दिवा न लावता,
मोरीतल्या टीचभर आरशात
रत्नप्रभा.
हनुवटी वर, गाल आतून जिभेनं फुगवलेला,
अगदी मी करतो तस्सं.
कुठं शिकली? बघूनच, दुसरं काय.
चार केस असतील. सहा.
पन्नाशीनंतर येतात म्हणे.
मी परत पांघरुणात शिरलो
आणि घोरलो. जरा जास्तच.

त्याआधी डाळीचं पीठ, साय, आंबेहळद
(मीच आणलेली, पहिल्या प्रतीची)
चेहऱ्याला लावून ती दुपारी बसायची
आणि मी विचारायचो,
काय, लग्न आहे काय कुणाचं?

पोरानं पाच मांडले.
एक इतका चकचकीत की ओल्या हातातून सुटलाच असता.
एक वरून दोन पंखांनी उघडणारा;
त्याचा स्क्रू दिवाळीपर्यंत सैल होणार, हे आवाजावरूनच कळलं.
एकाची दांडी लांब, एकाची आखूड.
"हात केवढा हाय वहिनींचा?"

आता आली पंचाईत.
मी हवेत माझाच पंजा धरला,
मग थोडा लहान केला.
परातीत भाकरीवर फिरणारा तो हात आठवला,
करंगळीखालचा तव्याचा डाग आठवला,
ताप बघायला कपाळावर ठेवलेला आठवला,
त्याचं माप काही आठवेना.
लाखो पोती मोजलेला माणूस
काउंटरशी उभा, बोटं अर्धी मिटून.

वर ही भीती:
नेला, तर तिला कळणार की मला कळलंय.
ही भेट म्हणायची की पंचनामा?

आखूड दांडीचा घेतला. खाचा खोल, साबणाच्या हाताला धरायला.
नव्वद ग्रॅम, मी म्हणालो.
पोरानं काटा काढला नाही.
कागदात बांधू का, म्हणाला. नको, म्हटलं,
खिशात असू दे.

घरी बोललो नाही काही.
माझ्या रेझरला नवं पातं घातलं, तिच्याही घातलं,
स्टीलच्या पेल्यात दोन्ही शेजारी उभे केले
आणि जेवायला बसलो. भरलं वांगं होतं.

तीन दिवस तो कोरडा.
चौथ्या दिवशी खाचेत पाण्याचा एक थेंब.
मी थेंबाकडं बघितलं नाही, असं दाखवलं.
शनिवारी घाई होती, सौदे लवकर निघणार होते,
नेहमीच्या जोरानं माझा फिरवला,
बोथट पात्याची सवय,
आणि रक्त, पार बनियनपर्यंत.
पाचव्या दिवशीही धार पहिल्या दिवसाची.

ती तुरटी घेऊन आली.
दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली,
उजेडाकडं वळवली,
"हळू फिरवावं. धार आहे त्याला."
मग दारातून, पदराला हात पुसत,
मागं न बघता,
"दांडी आणखी बोटभर चालली असती."