डावं-उजवं

रेयोने वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली,
पट्टी न घेता.
तीस वर्षं बंदरावर गव्हाच्या कोठारात
वजनं टिपली या हाताने,
रेघ अजून सरळ येते.
डावीकडे निळी. उजवीकडे करडी.

शंभर किलोमीटरला किती लिटर,
उणे तीसमध्ये बॅटरी कितपत दम धरते,
जमिनीपासून पोट किती उंच
(आमच्या गल्लीत बर्फ सारणारा ट्रक
दहा वाजल्याशिवाय फिरकत नाही),
मागची सीट पाडली तर किती मावतं,
आणि मागे किती वजन ओढते.

"काय ओढायचंय?" मी विचारलं.
"बोट," म्हणाला,
आणि पेन तसंच हवेत थांबलं.
बोट विकून येत्या मेमध्ये तीन वर्षं होतील.
निपिगॉनच्या एका पोराने नेली, ट्रेलरसकट,
वर आमचे जुने गळही मागून घेतले.
तरी आकडा खोडला नाही त्याने.
दोन हजार दोनशे सत्तर किलो.
खाली दोनदा रेघ.

सात सीटांचंही तेच.
घरात आम्ही दोघं,
काइसा पर्थला, दर रविवारी फोनच्या पडद्यात मावेल एवढी.
तिसऱ्या रांगेत कोण बसणार
हे मी विचारलं नाही.
एका दुपारी किती विचारायचं माणसाला.

शनिवारी थंडर बेभर वारा,
तळ्यावरून थेट कॉलरमध्ये शिरणारा.
ब्रॉडी नावाचा सेल्समन, आमच्या काइसाहून बराच लहान,
रेयोला प्रत्येक वाक्यात 'सर' म्हणत होता
आणि मला काहीच नाही.

निळी आधी. काकाबेकाच्या रस्त्याने.
इतकी शांत, की त्याच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू आलं
आणि माझं पोट.
"मूस आडवा आला तर हिचे ब्रेक..." रेयो म्हणाला,
आणि पुढचे सहा किलोमीटर आम्ही दोघंही
झाडीकडे डोळे लावून होतो.

करडी चढावर कुरकुरते.
वायपर कोरड्या काचेवर किंचाळतो.
सीट मात्र लगेच तापते, चुलीशेजारच्या बाकासारखी.

परत आल्यावर हिशोब सरळ होता:
अठरा मुद्दे, तेरा निळीचे.

मग रेयो म्हणाला, निळीत चष्मा राहिला.
चष्मा त्याच्या खिशात होता.
दार उघडलं, वरची कड धरली,
उजवा पाय आत, आणि डाव्या गुडघ्यावर
सगळं अंग तोलून एक हिसका.
उतरला. "आरसा बघतो," म्हणून पुन्हा चढला.
उतरला. "सीट किती मागे जाते..."
तिसऱ्यांदा तोंड तळ्याकडे होतं त्याचं.

मग करडीपाशी गेला
आणि नुसता बसला.
स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसतो तसा,
कशालाही न धरता.

मी टायर बघत होते.
टायर बघण्यासारखं पुष्कळ असतं,
नक्षी, खाचा, रबरावरची बारीक अक्षरं.
सगळी वाचली मी.

घरी कॉफी ओतल्यावर तो म्हणाला,
"तेरा विरुद्ध पाच. निळी."
"मला करडी हवी."
"का?"
"रंग."

एकेचाळीस वर्षांत मी गाडीच्या रंगावर
अवाक्षर काढलेलं नाही.
उकडलेल्या वाटाण्याच्या रंगाची गाडी
सोळा वर्षं बिनतक्रार वापरली.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
कोठारात काट्यावर पाहायचा तसं,
आकडा ठरेपर्यंत.

मग पानाच्या तळाशी,
डावी-उजवी दोन्ही बाजू अडवत लिहिलं:
*रंग. आउनेला आवडला.*
"हिच्यानं बोट ओढवणार नाही," म्हणाला.
"नाही तर नाही," मी म्हटलं.
त्याने टोपण लावलं.

करडा!
नोव्हेंबरभर खिडकीतून तळं दिसतं,
आकाश दिसतं, बंदराचा धूर दिसतो,
ते काय कमी करडं असतं?