शक्यतो

बैठकीला अकरा जण, बिस्किटांच्या बशा चार.
मी लघुलेखक, श्रेणी दोन. अकरात मी धरलेली नाही.
खिडकीखाली ससूनकडे जाणारी रुग्णवाहिका
सिग्नलला अडकून केव्हाची कण्हतेय.
मसुदा सातवा. कलम नऊ, पोटकलम दोन:
‘पीडित महिलेचा जबाब शक्यतो त्याच दिवशी नोंदवून घ्यावा.’

ओव्हाळबाई चष्मा कपाळावर सरकवतात.
सव्वीस वर्षं शिवाजीनगर कोर्टात,
कोटाची बाही कोपरापाशी रफू केलेली,
दोरा काळाच, पण निराळा काळा.
म्हणतात, “हा शब्द काढा.”
“कोणता?”
“शक्यतो.”

सहसचिव हसतात. माणूस वाईट नाही.
“बाई, तीन तर अक्षरं. तेवढी फट ठेवावी लागते,
नाहीतर नियम ताठ होतो आणि मोडतो.
मनुष्यबळ बघा. रात्रपाळी बघा.
चौकीत एक महिला शिपाई, तीही गणपतीच्या बंदोबस्ताला.”
हे सगळं खरंच आहे.
बाईही मान हलवतात,
आणि साड्यांच्या दुकानाच्या पिशवीतून
नाडीनं बांधलेला गठ्ठा काढतात.

“एकशे बारा जबाब. एक तारीख मारल्याची, एक नोंदीची.
मधले दिवस मी मोजलेत.
मधल्या दिवसांत ओठ भरून येतो.
दंडावरचं हिरवं पिवळं होतं, मग तेही जातं.
शेजारणीला नीटसं आठवत नाही.
सासू अचानक शिरा करते.
पोराची सहामाही येते.
बाई म्हणते, जाऊ द्या.
साहेब, ‘जाऊ द्या’ तिचं नसतं,
ते आपण कलम नऊमध्ये लिहून ठेवलेलं असतं.”

लघुलिपीत ‘शक्यतो’ फार सोपा.
एक बारीकसा आकडा, केसाएवढा,
पेन्सिल टेकली न टेकली की झाला.
एकवीस वर्षांत हजारदा काढला असेन.
बोटाला कधी टोचला नाही.

“जरा वाचून दाखवता?” बाई माझ्याकडे वळून.
मी उभी राहिले. उभं राहायची गरज नव्हती.
“पीडित महिलेचा जबाब…”

पर्वतीच्या पायथ्याची चौकी. रात्रीचे सव्वा वाजलेले.
एका पायात माझी चप्पल, एका पायात त्याची.
खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला टॉवेल
आणि हवालदाराचा मऊ, अगदी भावासारखा आवाज:
“ताई, उद्या या. साहेब शक्यतो उद्या असतात.”
उद्या मी कचेरीत गेले.
एप्रिल होता आणि लांब बाह्या.
कोणी काही विचारलं नाही.
तेव्हा तेच बरं वाटलं होतं.

“…त्याच दिवशी नोंदवून घ्यावा,” मी वाचलं
आणि बसले.
मधला शब्द गळला. गळला म्हणा किंवा गाळला म्हणा,
मला अजून सांगता येत नाही.
पंखा फिरत होता.
ओव्हाळबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला,
माझ्याकडे पाहिलं, विचारलं काहीच नाही.
सहसचिव कागदाकडे बघत म्हणाले,
“ऐकायला बरं वाटतं.
असाच पाठवू मुंबईला. तिकडचं मी सांगत नाही.”

दीड महिन्यानं आठवा मसुदा आला.
‘शक्यतो’ नव्हता.
त्याच्या जागेवर ‘परिस्थितीनुरूप’ बसला होता, ऐसपैस.
मी बाईंना फोन लावला. मागे कोर्टाचा पुकारा चाललेला.
“किती अक्षरं?” त्यांनी विचारलं.
मोजली. “सात.”
“तीनाची सात केली? म्हणजे लपायला जागा जास्त लागतेय.
मंगळवारी बसू.”

पेन्सिलींना टोकं केली.
कॅन्टीनच्या पोऱ्याला सांगितलं,
मंगळवारी चहा बारा.