सापडलेल्या वस्तू

सत्राचा शेवटचा शुक्रवार. मेलबर्नच्या पश्चिमेला
आमच्या शाळेची घंटा अजून वेळ पाळते.
ती बंद कशी करायची हे एकट्या कीथला ठाऊक,
आणि तो मार्चमध्येच बेंडिगोला लेकीकडे गेला.
साडेअकराला घंटा होते, सीगल उतरतात,
बाकांखाली सँडविचचे कोपरे शोधतात,
एकमेकांवर ओरडतात, निघून जातात.

मी ऑफिसातली चेट्टा.
फी, बँडेज, उलट्या, पडलेले दात.
आज माझ्यापुढे एकेचाळीस घरांची यादी
आणि वर मुख्याध्यापिकेच्या अक्षरात:
अभ्यासाचं कुणालाही विचारू नये.

मग विचारायचं काय?
जेवलात का, विचारते. झोप लागते का.

न्यांदेंग कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करते,
दिवसा झोपते ती एक कान उघडा ठेवून.
तीन पोरं, एक टेबल. मधला, कुओल,
वर्गाला बाथटबमध्ये बसायचा, पाठीशी उशी घेऊन;
कडी असलेलं दार घरात तेवढं एकच.
बाईंना वाटायचं, काय छान घुमतो याचा आवाज.

व्हिलिआमी आजोबा पहिलीच्या वर्गाला
नातीशेजारी रोज बसले, केस नीट विंचरून.
"मला पण मिळेल का प्रगतिपुस्तक?"
बघते, म्हटलं.
शाळेच्या कागदावर टाइप करून ठेवलंय:
हजेरी पूर्ण. माइक बंद करायला विसरतात.

लाम म्हणाला, सगळं छान.
मग म्हणाला, सगळं छान आहे.
तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी नावापुढे फुली मारली:
याला संध्याकाळी पुन्हा.

स्लाविकाने फोन उचलला नाही. चारदा.

कपाटात हरवलेल्या वस्तूंचं खोकं होतं.
उन्हाळ्यात पोरांनी काढून फेकलेले स्वेटर,
एकोणीस, वास मारणारे.
मी ते घरी नेऊन धुतले, दोन रात्री हीटरवर वाळवले,
कॉलरीतली नावं चष्मा पुसून वाचली,
आणि पाच किलोमीटरांची मुभा होती तेवढ्यात
फाटकाफाटकांवर अडकवत गेले.

स्लाविकाचं दार अर्धं उघडलं.
पायात नवऱ्याचे मोजे. ती बोलली नाही, मीही नाही.
मागून दार्को आला, माझ्या हातातला स्वेटर ओढला
नि तिथेच घातला.
बाह्या मनगटाच्या चार बोटं वर.
खाली बेंबी.

सहा महिने आम्ही नुसते चेहरे मोजले.
चौकोनात चेहरा, खाली नाव, हजर.
त्याच्याही खाली पाय लांबत होते,
आणि कुणाचं लक्ष नव्हतं,
आईचंसुद्धा, एका छपराखाली राहून.

"कधी?" ती म्हणाली. एवढंच. "कधी?"
दार्को हात वर करून करून दाखवायला लागला,
आणि ती चौकटीला टेकून खाली बसली.
मास्कच्या वाफेने माझा चष्मा धुरकटलेला,
ती हसते आहे की काय, मला दिसेना.
मीही पायरीवर बसले, मध्ये अंतर सोडून.
माझ्याकडे मदतीच्या नंबरांचं पत्रक होतं.
दिलं. पण बऱ्याच वेळाने.

दार्कोचा स्वेटर आता कुओलला.
कुओलचा लामच्या धाकटीला, ती नको म्हणेल, रंग जुना झालाय.
आणि दार्कोला खोक्याच्या तळाशी एक मोठा उरलाय,
नाव नसलेला. कोपरावर रफू लागेल.

साडेतीनची घंटा झाली तेव्हा मी परत खुर्चीत होते.
घरी सुटायला कुणी नव्हतं.
ती बंद कशी करायची,
कीथला सोमवारी विचारायला हवं.
नाही, सोमवारी सुट्टी.
आजच करते फोन.
घंटेचं राहू दे.
जेवलास का, विचारते.