कुडा, शिवण, शिसव

फोंडू मेस्त म्हणाला, आधी नख लाव.
रुतलं तर खेळण्याला,
नाही रुतलं तर खुंटीला,
अर्धवट रुतलं तर खाली बस
आणि विचार कर.

बेतीला धक्क्याच्या मागे माझं घर.
पस्तीस वर्षं मुलांच्या वह्यांत
सुपारीच्या झाडांची खोडं सरळ करत आले,
आता जेवणाच्या टेबलावर
फतेमारीचे सव्वीस वांक उताणे पडलेत.
पाव इंच म्हणजे एक फूट.
या मापाने तिचे खलाशी
काडेपेटीतल्या काडीहून बुटके.

पठाणाला शिसव.
काळं, जड, दोन पाती मोडली त्यानं.
वांकांना शिवण, ती ऐकते,
ऐकून घेतल्यासारखं करत नाही.
आंबा नकोच;
श्रावणात एक बोलतो, मार्गशीर्षात भलतंच.
फणस बाजूच्या फळ्यांना:
आज हळदीसारखा,
खिडकीपाशी ठेवला की वर्षभरात
वापरलेल्या लोट्याच्या रंगाचा.
तेवढं वय त्याचं त्यालाच येऊ द्यायचं, रोगण लावायचं नाही.

वरच्या तळीला कुडा,
पांढरा, रेषा जवळजवळ नाहीत.
शेजारच्या केसरच्या भावाने सत्तरीहून
कदंबच्या बसमध्ये पायांत धरून आणला.
दोन पावसाळे तो माझ्या पलंगाखाली निजला,
मी वर, तो खाली,
दोघंही ओल सोडत.

कप्प्यांना मागच्या दारचा पेरू,
वाळवीने पाडलेला.
भाताच्या दाण्याएवढी कप्पी, तिला आरपार भोक,
आणि फुटत नाही!
फोंडूच्या मते पेरूला फळं उगाच लागतात.

पण धक्क्यावरचा जो तो सांगतो,
सागच घे गो बाय,
खरी ती सागाचीच होती.

खरं आहे.
ती मोडली तेव्हा राहिलेल्या पगारात
बाबांना एक फळी मिळाली होती.
आईने तिच्यावर चाळीस वर्षं
सोलांची बरणी ठेवली.
मी ती उतरवली, रंधा फिरवला,
आणि स्वयंपाकघरात
मोरीच्या तेलाचा वास उभा राहिला,
बाबांच्या बनियनचा.

वीतभर पट्टी कापली,
फणसाच्या शेजारी धरली.
सागाची एकेक शीर
माझ्या मापात नांगराच्या दोराएवढी.
सगळ्या फळ्यांत तीच तेवढी खोटी दिसत होती.

फोंडूने चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं.
होडी लहान करता येते, म्हणाला,
झाड नाही करता येत.
मग चहा मागितला. साखर कमी.

करवतीखाली पडलेला भुसा मात्र मी झाडला नाही.
सरसात कालवला,
फणसाच्या दोन फळ्यांमध्ये जिथे जिथे
माझा हात चुकला होता
तिथे बोटाने भरला.
चुका पुष्कळ होत्या. भुसा पुरला.

नाव अजून रंगवलेलं नाही.
बाबा कधी तिला शांतादुर्गा म्हणायचे,
कधी सांत आना;
मालक बदलला की नाव बदले,
गळती तीच.

फळी पुन्हा भिंतीवर ठोकली आहे,
वीतभर आखूड.
बरणी आता अगदी कडेला बसते.
रात्री फेरीबोट धक्क्याला लागते
तेव्हा ती किंचित वाजते,
आणि मी अंथरुणातून विचारते,
कोण?