पाणी कुठवर आलंय

शनिवारी साडेचार, इंदिरानगरला सोसायटीचा हॉल.
एकात एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या,
फळ्यावर मेंटेनन्स थकलेल्यांची नावं,
त्यांतली दोन माझ्याच विद्यार्थिनींच्या बापांची.
अकरा मुली, एक मुलगा.
घुंगरू अजून कुणालाच नाहीत.
'मोजे काढा, घसराल' हे मात्र दर वेळी.

आज दुःख करायचं होतं.
म्हटलं, दाखवा.
अकरा खालचे ओठ एकदम बाहेर आले,
बावीस मुठी डोळ्यांवर,
मोबाइलमधल्या पिवळ्या गोल चेहऱ्यांसारख्या सगळ्या,
आणि निषादने तर जमिनीवर लोळणच घेतली.
एकटी दुर्वा बोराडे
उभी. कोऱ्या पाटीसारखी.
काय गं?
"मला आत्ता नाहीये दुःख."

मला शिकवलं ते आरशासमोर.
भुवया इतक्या वर, हनुवटी इतकी खाली,
बाईंची पट्टी गालापासून बोटभर लांब.
मी लवकर शिकले.
इतकी, की अण्णा गेले तेव्हा अमरधामला
रडता रडता मला कळलं
डावी भुवई अगदी बरोबर उचलली गेलीय.
हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

या हॉलला आरसा नाही.
पालक विचारतात, कधी लावताय?
बघू, म्हणते.

मग मी त्यांना खाली बसवलं, विचारलं,
पूर आला की गंगेवर काय बघायला जाता?
सगळी ओरडली, दुतोंड्या मारुती!
आणि कसं सांगतात, पाणी किती आलं ते?
घोट्याला. गुडघ्याला. कमरेला लागलं.
छातीला लागलं की, शर्वाणी म्हणाली,
तिच्या मामाचं दुकान रिकामं करतात,
आधी वजनकाटा, मग गणपती.
हां. तर तो मारुती
तुमच्या आत उभा आहे समजा.
चेहऱ्याचं राहू दे.
पाणी कुठवर आलंय तेवढं सांगा, आणि चाला.

हितेशाचं खोडरबर कुणीतरी घेतलं होतं: मांडीपर्यंत.
ती चालली, फ्रॉक दोन्ही हातांनी वर धरून.
निषादची आई ओझरला कामाला, रात्रपाळीला:
घोट्याला, पण रोज.
पाय उचलताना त्याने बोटं झटकली,
जशी मांजर झटकते.
ते मी कुठे शिकवलं होतं?

दुर्वा सगळ्यांत शेवटी आली.
थोडा वेळ विचार केला,
मग हात आडवा, हनुवटीच्या खाली.
इथवर.
कशाचं गं?
"सांगणार नाही."
नको सांगूस. चाल.

सहा पावलं चालली ती.
हनुवटी जराशी वर, तोंडात जाऊ नये म्हणून,
खांदे स्थिर, एकेक पाऊल तळ चाचपत.
चेहरा तसाच. पाटीसारखा.
कुणी हसलं नाही.
कोपऱ्यातल्या पंख्याची कटकट तेवढी ऐकू आली,
आणि माझा हात, ताल द्यायला उचललेला,
मी हळूच खाली घेतला.

साडेपाचला तिचे बाबा आले,
नोट प्रेसचं ओळखपत्र अजून गळ्यात.
म्हणाले, मॅडम, हिला एक्स्प्रेशन येतच नाही का हो?
गॅदरिंगला मागच्या रांगेत ठेवलंत तरी चालेल,
नुसतं हसायला शिकवा, फोटोपुरतं.
मी म्हटलं, येतं तिला.
ते थांबले, मी पुढे काही बोलेन म्हणून.
मला सुचलं नाही.
दुर्वा पायरीवर बसून सँडलचा बंद लावत होती,
दोनदा चुकीच्या भोकात.

स्कूटरवर ती पुढे उभी राहिली.
वळणावर दिसलं,
हात अजून हनुवटीखालीच होता.
मग थोडा खाली आला, छातीशी.
ओसरत असेल.
किंवा हेल्मेटचा पट्टा नुसता काचत असेल.

मी खुर्च्या मांडल्या.
सहाला सोसायटीची मीटिंग होती.