प्रश्न एकेचाळीस

परीक्षेआधी कॅमेऱ्याला खोली दाखवावी लागते.
मी लॅपटॉप उचलून चारी भिंतींवरून फिरवला,
टेबलाखाली, पलंगाखाली,
केस मागे सारून कान दाखवले,
मनगटं उलटी करून दाखवली.
पलीकडचा माणूस, कुठल्या देशात बसलेला कोण जाणे,
म्हणाला, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा.
उतरवलं. मासळीच्या कंपनीचं होतं,
जानेवारीच्या पानावर ट्यूना.

बाहेर ताकोराडीची दुपार.
हरमटानची धूळ जाळीतून आत येत होती
आणि खाली क्वेकूचा जनरेटर धडधडत होता,
चार तासांचे आगाऊ पैसे घेऊन.

सात महिने मी हेच घोकत होते,
दवाखान्यातून आल्यावर, केंके सोलता सोलता,
मक्याचं पान बोटांना चिकटलेलं:
ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यावं, चिमूटभरही जास्त नाही.
पेटी एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे.
किल्ल्याही म्हाताऱ्या होतात, वेळेवर बदलाव्यात.
कुणी काय उघडलं ते अशा वहीत लिहावं
जिचं पान मालकालाही फाडता येणार नाही.
आणि बाहेरच्यांसाठी भिंत उभारताना विसरू नये
की बऱ्याचदा कुंपणच शेत खातं.

चाळीस प्रश्न भराभर गेले.

मग हा: एका रुग्णालयाला रुग्णांच्या नोंदी
क्लाउडमध्ये न्यायच्या आहेत. कायद्याने
माहिती देशाबाहेर जाता कामा नये.
डॉक्टरांना दिसावी, हिशेबनिसाला दिसू नये.
सर्वांत योग्य रचना निवडा.

मला वही दिसली.
हिरव्या कापडी बांधणीची, लांबट,
मंगळवारची. मंगळवारी कुठलं औषध मिळतं
ते आमच्या रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक असतं
आणि कुणालाच ठाऊक नसतं.
तिसऱ्या ओळीत लाल शाईने एसी मान्सा,
भाजलेली मासळी विकणारी.
टेबलापलीकडे कुणीतरी उभं होतं.
उलटी अक्षरं वाचता येणारी माणसं
जगात कुठेही कमी नाहीत.

शुक्रवारी तिची परात भरलेलीच राहिली.
पुढच्या शुक्रवारीही.
कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही,
नुसते पाय दोन हात लांबून जायला लागले.

हल्ला झाला नव्हता. पासवर्ड फुटला नव्हता.
वही उघडी होती, एवढंच,
आणि ती उघडी टाकून पाणी प्यायला गेलेली
मी होते.

दरवर्षी तपासनीस येतात.
कपाटाला कुलूप? आहे.
सही? आहे.
शिक्का? आहे.
खुणा करून जातात. त्यांच्या कागदावर
आमच्या दवाखान्यात कधीच काही घडलेलं नाही.

अ, ब, क, ड.
चारही पर्यायांत कूटलेखन होतं,
दोन पर्यायांत देशातलंच केंद्र,
एकात भूमिकेनुसार परवानगी.
उठण्याआधी वही पालथी घाल,
असं कुठल्याच पर्यायात नव्हतं.

पडद्यावर अक्षरं उमटली:
कृपया ओठ हलवू नका.
मी तिचं नाव घेत होते की काय,
मला कळलं नाही.
अकरा मिनिटं गेली होती.
मी क निवडला. क बरोबरच आहे.

क्वेकूने जनरेटर बंद केला तेव्हा
निकालाचं पान अर्धंच उघडलं होतं.
हिरवं काहीतरी होतं वरच्या कोपऱ्यात.
मी उठले, कॅलेंडर परत खिळ्याला लावलं,
ते तिरकं झालं, तसंच राहू दिलं.

एसी आता सेकोंदीत विकते,
तिथे तिला ओळखणारं कुणी नाही.
कुठल्या गल्लीत, कुठल्या दुकानाच्या वळचणीला,
ते मला माहीत आहे.
दवाखाना बदलण्याचं पत्र माझ्याच हातून गेलं,
त्यावर पत्ता होता.

सात महिने शिकूनही
आज पहिल्यांदाच मी विचारलं,
तो मला पाठ असायचं
कारण काय?